कापलेल्या दोऱ्या

भाग्येशने कात्रीचे पाते दोरीखाली सरकवले आणि सरावाने दाबले. माहीम गावच्या कुठल्याशा वाडीतली, कित्येक वर्षे कपाटात पडून असलेली नस्ती टेबलावर उलगडली. दोरी जमिनीवर पडली.

"चारशे बारावी," स्कॅनरपाशी बसलेली मोनाली म्हणाली. "कात्रीसाहेब, तुमचा सत्कार आता शालीऐवजी कात्री देऊनच करू."

तो कसनुसा हसला. थट्टेला उत्तर देणे त्याला कधी जमलेच नव्हते.

दोऱ्या कापण्याची कल्पना मात्र त्याचीच. शहरातले आणि भोवतालच्या गावांतले बांधकामाचे रखडलेले प्रस्ताव लवकर निकाली निघावेत म्हणून नवी पद्धत आखायचे काम त्याच्याकडे आले, तेव्हा त्याने घड्याळ लावून पाहिले होते. जुनी गाठ सोडवायला तीन मिनिटे, दोरी कापायला तीन सेकंद. नस्ती स्कॅन झाली की सात दिवसांची मुदत. तेवढ्यात संगणकावर कुणी हरकत नोंदवली नाही, तर प्रस्ताव आपोआप मंजूर. पहिले अकरा प्रस्ताव आज संध्याकाळी पाचला असे मंजूर व्हायचे होते. ते झाले की सोमवारी त्याला सेवेत कायम करण्याच्या कागदावर सही करीन, असे कार्यालयप्रमुख उत्कर्षा मॅडम म्हणाल्या होत्या.

कायम. त्याचे वडील, नागोराव, बोईसरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे या एका शब्दाची वाट पाहत राहिले. काम सुटले तेव्हाही ते कंत्राटीच होते. या आठवड्यात ते रोज जेवताना विचारीत, "सोमवारीच ना रे?" आणि उत्तर ऐकून घेऊनही पुन्हा विचारीत.

टेबलाखाली हालचाल झाली. जमिनीच्या मोजणीच्या वेळी फीत धरायला जाणारा म्हातारा शिपाई जिव्या उकिडवा बसून दोऱ्या वेचत होता.

"जिव्याकाका, राहू द्या. कचऱ्यातच जाणार आहेत त्या."

"गाठीवाल्या येगळ्या काढतो, सायेब."

"कशाला?"

जिव्याने एक दोरी उजेडात धरली. तिच्या टोकाला, बांधायच्या गाठीपासून दूर, एक बारीकशी गाठ होती.

"मला कुटं लिवता येतंय? जागा बगून आलो की नस्तीच्या दोरीला गाठ मारायचो. एक गाठ म्हंजे पावसाचं पानी तितूनच जातंय. दोन म्हंजे लोकांची वाट हाय, नकाशात नाय. जुने सायेब गाठ बगायचे नि सोता जाऊन यायचे."

"आणि तीन?"

जिव्याने दोरी मुठीत मिटली.

"तितं मानसं पुरलेली हायत."

भाग्येशने कात्री हलकेच खाली ठेवली. तरी तिचा आवाज झाला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटे झाली होती.

"पहिल्या अकरा नस्त्यांच्या दोऱ्या कुठे आहेत?"

जिव्याने कोपऱ्यातल्या पोत्याकडे पाहिले. ते शिगोशीग भरले होते; कुठली दोरी कुठल्या नस्तीची, हे आता कळणे शक्य नव्हते.

"त्यातच. मला वाटलं, तुमी बगितल्या असतील."

त्या शब्दांत तक्रार नव्हती, आणि म्हणूनच भाग्येशला मान वर करवेना. त्याने अकराही प्रस्तावांची गावे एकेक करून मोठ्याने वाचली. त्यांत दांडी गावचे चार प्रस्ताव होते. जिव्याने डोळे मिटले, बोटे हवेत फिरवली, आणि मान हलवली.

"जमीन दाकवा, सांगतो. नंबर नाय सांगता येत. पन दांडीला दोन गाठी मारल्याचं ध्यानात हाय. बाया सुकी मासळी घेऊन जातात, ती वाट."

पडद्यावर हरकतीसाठी निवडायच्या कारणांची यादी उघडी होती. कागद अपुरे. शुल्क बाकी. सही नाही. पूर्वी शेवटी 'इतर' असे एक कारण होते. सगळे त्यातच काहीबाही लिहून वेळ काढतात, म्हणून त्यानेच ते काढून टाकले होते.

त्याने मॅडमना फोन लावला. अडखळत सांगितले.

"गाठी?" मॅडम म्हणाल्या. "अरे, गाठींचं मी वर काय कळवू? आज एकही प्रस्ताव थांबता कामा नये. कळलं ना?"

"हो, मॅडम," त्याच्या तोंडून गेले. जन्मभर जात आले तसेच.

चार चाळीस. तो यादी पुन्हा पुन्हा वर-खाली सरकवत राहिला. अगदी तळाशी एक कारण होते, जे आजवर कुणी वापरले नव्हते: 'स्कॅन सदोष, नस्ती परत.' ते निवडताच समोर जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव आपोआप उमटले. ते त्याचेच होते.

मोनाली खुर्ची सरकवून जवळ आली. तिच्या आवाजातली थट्टा गेली होती.

"अहो, स्कॅन तर लख्ख आहेत. अक्षर न् अक्षर दिसतंय."

"तेवढंच दिसतंय," तो म्हणाला.

"आणि सोमवार?"

त्याने पहिला प्रस्ताव परत पाठवला. मग दुसरा. सहाव्याला बोट थांबले. नागोराव ताटावर बसून दाराकडे पाहताहेत, असे त्याला उगीचच दिसले. मग तोही पाठवला. सातवा. बाकीच्या नस्त्यांना अजून दिवस होते. अकरावा गेला तेव्हा पाचाला दोन मिनिटे कमी होती. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर 'परत गेलेले' या रकान्यात शून्याच्या जागी लाल अक्षरांत अकरा आले.

टेबलावरचा फोन थरथरू लागला. उत्कर्षा मॅडम. थरथरत थरथरत तो कात्रीला जाऊन टेकला.

भाग्येश उठला, पोत्यापाशी जिव्याशेजारी उकिडवा बसला आणि एक दोरी उचलून तिच्यावरून बोट फिरवू लागला.

"उद्या किती वाजता निघायचं, काका?"

"आदी दांडीला जाऊ. वाजता-बिजता नाय, सायेब," जिव्या म्हणाला. "भरतीत ती वाट दिसत नाय. पानी उतरलं की निगू."