पाव चार

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गेबहार्ड फेस्लर कॅफे ओर्टनरच्या दारातून आत आला तेव्हा त्याची मुलगी तिथे नव्हती. त्याचं त्याला काही वाटलं नाही. अजून पाच मिनिटं होती.

खिडकीजवळचं एक टेबल रिकामं होतं. त्याने ओव्हरकोट खुंटीला अडकवला आणि दार दिसेल अशा बेताने तो बसला. टोपी समोरच्या खुर्चीवर ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली. खुर्ची रिकामी दिसायला हवी होती.

वेटर आला. साठीचा, काळ्या कोटातला, पाय जपून टाकणारा. गिऱ्हाइकं त्याला हेर आलोइस म्हणत होती, म्हणजे आलोइससाहेब.

"काय आणू, हेर इंजिनिअर?"

"मी इंजिनिअर नाही. मशिनं दुरुस्त करायचो. भरतकामाची."

"म्हणजे इंजिनिअरच की. कॉफी?"

"थांबतो. मुलगी येतेय."

"थांबा ना. स्वित्झर्लंडहून आलात वाटतं?"

"लुस्टेनाऊहून. फोरार्लबर्गमधलं."

"तेच ते," म्हणत हेर आलोइस पुढच्या टेबलाकडे वळला.

सकाळपासून हेच चाललं होतं. लुस्टेनाऊ देशाच्या पार पश्चिम टोकाला. ऱ्हाइनच्या पलीकडे स्वित्झर्लंड आणि व्हिएन्ना मात्र अख्ख्या रात्रीच्या प्रवासावर. फेस्लर तोंड उघडायचा आणि लोक मान तिरकी करून, लहान मुलाचं बोबडं बोलणं ऐकावं तसे ऐकायचे. चौसष्ट वर्षं तो याच देशाचा नागरिक होता, पण राजधानी पाहायची ही पहिलीच वेळ.

खरं तर नऊ वर्षांपूर्वीच यायला हवं होतं. मुलीचं, इर्मीचं, लग्न होतं. लग्न सरकारी कचेरीत, नवरा घटस्फोटित, चर्चचं नाव नाही. फेस्लरची बायको एकटी आली आणि दोन दिवसांनी परतली. ती म्हणाली, "जेवताना तुमची खुर्ची तिने शेवटपर्यंत कोणाला दिली नाही." त्यावर घरात पुन्हा कोणी काही बोललं नाही. यंदा मार्चमध्ये बायको गेली. दफनाच्या वेळी इर्मी खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेली.

मागच्या आठवड्यात त्याने फोन केला. बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग ती म्हणाली, "गुरुवारी या. कॅफे ओर्टनर, पाव चार. मी दुकानातून सुटी काढेन. आणि बाबा, यायचं नसेल तर आत्ताच सांगा. मी परत खुर्ची धरून बसणार नाही." तिने घरचा पत्ता सांगितला नाही आणि त्यालाही विचारायचा धीर झाला नाही.

रात्रीच्या गाडीने तो उजाडता उजाडता वेस्टबानहोफ स्टेशनवर उतरला. सगळा दिवस हातात होता. एवढ्या मोठ्या शहरात एकट्याने दिवस काढायचा म्हणजे काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो चालत सुटला. खाटकाच्या दुकानात कामावर निघालेली माणसं उभ्याउभ्याच पावात गरम मांसाची जाड वडी घालून खात होती. त्याने मागितलं ते बाईला कळेना. शेवटी त्याने बोट दाखवलं.

"अस्सं बोला की," बाई म्हणाली, जणू बोटच काय ते स्पष्ट बोललं होतं.

ट्रामचे रूळ धरून तो चालला. घरं पाच-पाच मजली, दारं इतकी उंच की आत घोडागाडी जावी, आणि प्रत्येक दाराशी घंटांच्या बटणांपुढे नावं. चेक नावं, हंगेरियन नावं, काही उच्चारता न येणारी. ब्रांडल हे इर्मीच्या नवऱ्याचं आडनाव. एवढ्या मोठ्या गावात असं सापडायचं नाही हे कळत असूनही तो प्रत्येक दाराशी थबकत होता. एका दारातून झाडू घेतलेली बाई बाहेर आली आणि त्याच्याकडे पाहत राहिली. तो पुढे निघाला.

मोठ्या रस्त्यावर एका दुकानाच्या काचेत बायकांचे रेशमी झगे टांगले होते. गळ्याजवळची जाळी पाहून तो जागच्या जागी थांबला. ती त्याच्या गावची होती. कोणत्या मशिनची, तेही त्याला सांगता आलं असतं. त्या मशिनचे दात त्याने आयुष्यभर घासले होते. शेजारी एक बाई तीच काच पाहत होती. तो तिच्याकडे वळून म्हणाला, "हे आमच्याकडचं." बाईने आधी झग्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि पर्स दुसऱ्या हातात घेऊन ती चालती झाली.

दुपारी तो एका पुलाच्या कठड्याला टेकून पाणी पाहत उभा राहिला. ऱ्हाइनच्या मानाने ते अगदीच किरकोळ वाटलं. कावळ्यांना पाव टाकणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्याने विचारलं, "डोनाऊ नदी एवढीच?"

"हा कालवा आहे. डोनाऊ तिकडे, पार लांब."

"तिथे जायचं कसं?"

"मला काय माहीत? मी इथलाच आहे," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा कावळ्यांशी बोलू लागला.

दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण, म्हणून फुलवाल्यांनी फुटपाथभर शेवंतीच्या कुंड्या रचल्या होत्या. काळे कोट घातलेल्या बायका दोन्ही हातांत कुंड्या घेऊन ट्राममध्ये चढत होत्या. उद्या दुपारी लुस्टेनाऊलाही पाद्री थडग्यांच्या रांगांतून पवित्र पाणी शिंपडत फिरणार आणि ज्याने त्याने आपापल्या माणसाच्या थडग्याशी उभं राहायचं. बायको गेल्यानंतरचा हा पहिला सण. त्याचं परतीचं तिकीट आज रात्रीचंच होतं.

कॅफे त्याने जेवणाआधीच शोधून ठेवला होता. आत डोकावला नाही. लवकर येऊन बसलेला बाप दिसू नये असं त्याला वाटत होतं. तीनच्या सुमाराला तो दोन गल्ल्या पलीकडच्या बागेत जाऊन बसला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला कोणी आलं की तो जरा सरकून बसायचा, पण माणूस वर्तमानपत्र उघडायचा, मिटायचा आणि उठून जायचा. अंगात गारठा भरला तरी त्याने चार वाजेपर्यंत तिथेच कळ काढली.

आता कॅफेतल्या भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाचाकडे सरकू लागला होता. शेजारच्या टेबलावर फरची टोपी घातलेली एक वयस्क बाई केक खात होती आणि तिच्या पायाशी आखूड पायांचा कुत्रा झोपला होता. हेर आलोइस तिला फ्राउ होफ्राट, म्हणजे सल्लागारीणबाई, म्हणे. नवरा कधीकाळी सरकारदरबारी सल्लागार होता. तो मेला, हुद्दा हिच्याकडे राहिला. तिने दोनदा फेस्लरकडे पाहिलं आणि मग तिला राहवेना.

"मुलगी यायची होती ना तुमची? किती वाजता?"

"पाव चारला."

तिने केकचा काटा खाली ठेवला. "मग ती येऊन गेली."

"छे. मी चारच्या आधीपासून आसपासच होतो. पाव चारला पाच मिनिटं असताना आत आलो."

"आलोइस," ती म्हणाली, "यांना पाव चार म्हणजे किती ते सांगा."

"सव्वातीन," हेर आलोइस म्हणाला. "दुसरं काय असणार?"

फेस्लर दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिला. "आमच्याकडे चारवर पाव म्हणतात," तो म्हणाला. "मला वाटलं, ती मधलं 'वर' बोलली असेल. फोनमध्ये खरखर होती."

"इथे ते 'वर' नसतंच. तीन वाजले, चौथा तास लागला, त्यातला पाव भरला. पाव चार. मग अर्धा चार, मग पाऊण चार. यात अवघड काय आहे?"

"अर्धा चार आम्हीही म्हणतो. साडेतीनला."

"म्हणता ना? मग अर्धा जमतो तर पाव कुठे अडतो?" फ्राउ होफ्राट म्हणाली. "डोंगरापलीकडचे लोक बाई."

तिला हसू येत होतं, पण फेस्लरचा चेहरा पाहून ते ओसरलं. हेर आलोइसने टेबल पुसायला घेतलं, जे आधीच स्वच्छ होतं.

"कशी होती?" फेस्लरने विचारलं.

"याच टेबलावर," फ्राउ होफ्राट म्हणाली. "हिरवा कोट, केस आखूड. त्या खुर्चीवर मी जरा पिशवी ठेवली तर म्हणाली, माफ करा, कोणीतरी येणार आहे. पाऊण तास काढला बिचारीने. मी आपली प्रियकर असेल समजत होते. जाताना आलोइसला म्हणाली—"

"फ्राउ होफ्राट," हेर आलोइस म्हणाला.

"सांगू दे हो. बाप आहे तो. म्हणाली, कोणी विचारत आलंच तर मी थांबले होते असं सांगू नका."

लहानपणी इर्मी 'चारवर पाव'च म्हणायची. तिला घड्याळ त्यानेच शिकवलं होतं, कारखान्याच्या दारावरच्या मोठ्या तबकडीवर, खांद्यावर बसवून. तिने आपल्याला फसवलं नाही, हे त्याला कळत होतं. ती नऊ वर्षं इथे राहत होती आणि इथलं झालेलं बोलणं तिच्या तोंडून सहज निघून गेलं होतं. बाप अजून तिकडचंच ऐकतो, हे तिच्या लक्षातही आलं नसणार. आणि तिच्या लेखी तो दुसऱ्यांदा आला नव्हता.

कॅफेत मोरीजवळ फोनची लाकडी खोली होती. त्याने नंबर फिरवला. एंगेज. जरा थांबून पुन्हा फिरवला. एंगेज.

"चार घरांत मिळून एक लाइन असेल," हेर आलोइस म्हणाला. "अर्ध्या गावात तशीच आहे. एक घर बोलायला लागलं की बाकीची तिन्ही मुकी. बायकांचं घर असलं तर मग रात्रच होते."

फेस्लरने पैसे पुढे केले, तर तो घेईना. "तुम्ही प्यालातच कुठे, हेर इंजिनिअर?"

बाहेर दिवे लागले होते. इर्मी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि दुकान मोठ्या इस्पितळाच्या आसपास आहे, एवढं बायको सांगायची. तो त्या दिशेने निघाला. आता त्याला ना दारं दिसत होती ना ट्रामा. नुसते काचेतले चष्मे दिसत होते. पहिल्या दुकानात नाही म्हणाले. दुसरं बंद झालेलं होतं. पुढच्या दुकानात पांढऱ्या डगल्यातला एक तरुण मालक शटर अर्धं ओढून दिवे विझवत होता.

"फ्राउ ब्रांडल? हो, आमच्याकडेच असतात. दुपारी गेल्या. मग फोन आला, डोकं दुखतंय, आज परत येत नाही."

"घर कुठे आहे त्यांचं?"

"असं कोणालाही कसं सांगू?"

"मी तिचा बाप आहे."

मालकाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "त्यांचे वडील नाहीत, असं समजत होतो मी," तो म्हणाला, मग त्यालाच अवघडल्यासारखं झालं. "म्हणजे त्या कधी बोलल्या नाहीत. उद्या सण, परवाही आम्ही बंद ठेवतोय. सोमवारी या."

"सोमवारी मी इथे नसेन. तिला सांगाल? मी आलो होतो म्हणून. वेळ समजण्यात चूक झाली."

"सोमवारी सांगेन," मालक म्हणाला. "तुम्ही स्वित्झर्लंडचे का?"

फेस्लरने मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्याने मालकावर सोडलं.

वाटेत दिसेल त्या बूथमधून तो नंबर फिरवत गेला. दर वेळी एंगेज. सात वाजून वीस मिनिटांनी त्याने वेस्टबानहोफच्या बूथमधून पुन्हा लावून पाहिला. तेव्हाही लाइन एंगेज होती. म्हणजे चारांपैकी एका घरी कोणीतरी होतं आणि कोणाशी तरी बोलत होतं. मागे एक बाई नाण्याने काच वाजवत होती. त्याने रिसीव्हर ठेवला, बाहेर येऊन तिला वाट करून दिली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. त्याच्या पुढे तिघं होते. ब्रेगेंत्सची, म्हणजे त्याची परतीची, गाडी फलाटाला लागल्याचं तेवढ्यात पुकारलं गेलं.