दोघींचा शनिवार

मित्रांनो, मी एक सी-सॉ. वय झालंय, तीनदा रंग बदललाय, एका बाजूची मूठ थोडी डुगडुगते. पण मला बागेतला ऐरागैरा समजू नका हं! मी कोर्टातला सी-सॉ आहे. कुटुंब न्यायालयाच्या तळमजल्यावर मुलांची खोली आहे, तिथे खिडकीखाली माझी जागा. आणि माझं लाकूड कसलं, ठाऊक आहे? साक्षीदाराच्या पिंजऱ्याचं! जुना पिंजरा मोडला तेव्हा सुताराने त्याच्या फळ्या तासून मला घडवलं. "खरं बोलायची सवय असलेलं लाकूड आहे," असं तो म्हणाला होता. त्या लाकडाने खोटंही पुष्कळ ऐकलं असणार, पण ते जाऊ द्या.

आई-बाबा वेगळे राहू लागले की मूल कुणाकडे राहणार आणि दुसऱ्याला कधी भेटणार, हे वरच्या मजल्यावर ठरतं. त्याला तिथे 'ताबा' म्हणतात. दुकानाचा घेतात, जमिनीचा घेतात, तोच ताबा. मला हा शब्द मुळीच आवडत नाही, पण मला विचारतो कोण? निकाल लागेपर्यंत मुलांना आणायचं-न्यायचं ते आमच्या खोलीतून. रडत आलेली किती मुलं माझ्यावरून हसत उतरली, त्याला गणती नाही. न्यायाधीशबाई एकदा म्हणाल्या, "या इमारतीत सगळ्यात जास्त काम हाच करतो." तेव्हापासून मी जरा शेफारलो, हे कबूल करतो.

मधली दोन वर्षं वाईट गेली. जागा पुरेना म्हणून माझ्यावर फाइली रचल्या. मुलं यायची, बघायची आणि भिंतीला टेकून बसायची. मग नव्या समुपदेशक बाई आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी कमरेला पदर खोचला आणि सगळ्या फाइली उचलायला लावल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

त्याच वर्षी त्या दोघी बहिणी आल्या. मोठी आठ वर्षांची, तिला सगळे ताईच म्हणत. धाकटी चार वर्षांची, एवढीशी, म्हणून टिचकी. त्यांच्या आई-बाबांनी आणि दोन वकिलांनी टेबलाशी बसून तोडगा काढला होता. ताई आईकडे, टिचकी बाबांकडे. शनिवारी अकरा ते पाच टिचकी आईकडे आणि ताई बाबांकडे. कागदावर इतकं समसमान, की नाव ठेवायला जागा नाही. दोन्ही वकिलांनी हात मिळवले. माणसंही वाईट नव्हती हो! बाबा तर वेणी घालायला शिकले होते, वाकडी का होईना.

पण मी खिडकीखालून बघत होतो. ताई दारातून आत यायची, तेवढ्यात टिचकी बाहेर जायची. पाच वाजता पुन्हा तेच. म्हणजे आठवडाभर वेगळ्या आणि शनिवारीही वेगळ्याच! चार शिकल्यासवरल्या माणसांनी आई-बाबांचे तास काट्यावर मोजले आणि बहिणींचे मोजायचे राहूनच गेले.

हे माझ्याशिवाय आणखी एकाच्या लक्षात आलं होतं, आमच्या शिपाईकाकांच्या. रजिस्टरमध्ये सह्या झाल्याशिवाय मुलाला नेता येत नसे, आणि रजिस्टर काकांकडे. शनिवार आला की काकांचा चष्मा हरवायचा.

"अहो, कपाळावर आहे तुमच्या," बाबा म्हणायचे.

"हो का? मग पेन कुठे गेलं?"

तेवढी दहा मिनिटं दोघी माझ्यावर बसायच्या. ताई जड, टिचकी हलकी. ताई फळीवरून पुढे पुढे सरकायची, अगदी मध्यापर्यंत, म्हणजे टिचकीला खाली येता यावं. कुठे थांबायचं ते तिला बरोबर कळायचं. तिच्यासारखं मला कुणी वापरलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

हा करार तात्पुरता होता, तो कायम व्हायला महिना उरला होता. एका शनिवारी ताई धावत आली, तर टिचकी बाबांच्या मागे लपली. लाजली. सख्ख्या बहिणीला लाजली!  ताई एकटीच माझ्या एका टोकाला बसून राहिली. समोरचं टोक रिकामंच वर राहिलं. मित्रांनो, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

समुपदेशक बाईंनी ते पाहिलं. सगळे गेल्यावर त्यांनी काकांना विचारलं, "सह्यांना इतका वेळ का लागतो तुमच्याकडे?"

काका ओशाळले. "रागवायचं तर रागवा बाई, पण त्या पोरींना भेटायला एवढाच वेळ मिळतो हो."

"एवढाच? आठवड्यातून?" बाईंनी फाईल उघडली, वेळापत्रकावर बोट फिरवलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! माझ्याही डोळ्यांखालून गेलंय हे."

पुढच्या तारखेला न्यायाधीशबाई स्वतः खाली आल्या, काळा कोट वर ठेवून. ताईसमोर छोट्याशा खुर्चीवर बसल्या. 'तुला आई हवी की बाबा?' असलं काही त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "तुला काही सांगायचंय का गं?"

ताईने बराच विचार केला. "आम्हाला दोघींना एकाच दिवशी एकाच घरी पाठवाल? मग घर कुठलंही चालेल."

आई-बाबांना आत बोलावलं. सगळं ऐकून बाबांचा चेहरा उतरला. "दोघी हिच्याकडे गेल्या, तर माझं घर रिकामं होईल," ते म्हणाले. खोटं नव्हतं ते.

आईने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "दोघी माझ्याकडे राहतील, पण शुक्रवार संध्याकाळ ते रविवार तुझ्याकडे. सुट्टीही अर्धी. आणि बुधवारी शाळेतून तूच आण त्यांना." मग हळूच म्हणाली, "मलाही सोपं नाहीये."

बाबांनी मान डोलावली. न्यायाधीशबाईंनी तसाच हुकूम लिहिला.

पहिली पाठवणी आमच्याच खोलीतून झाली. बाबा दारात उभे होते. काकांचा चष्मा त्या दिवशी लगेच सापडला. आणि टिचकीने काय करावं? सवयीने ताईचा हात सोडला आणि आईपाशी जाऊन उभी राहिली. "ताई बाबांची. मी तुझी ना?"

 आईने खाली बसून टिचकीचा हात परत ताईच्या हातात दिला. "आज दोघी बाबांकडे जा."

"ताई पण?"

"ताई पण."

त्यानंतर त्या इथे कधी आल्या नाहीत. त्यांना यायची गरजच उरली नाही, आणि माझ्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते.

मित्रांनो, माझी मूठ घट्ट करा, नाही केली तरी चालेल. पण तुमच्या घरची मोठी माणसं कधी असं वेळापत्रक करायला बसली, तर त्यांना माझ्याकडून एवढंच विचारा, "यात आम्ही भावंडं एकमेकांना कधी भेटणार?"