हे बाळसं नव्हे

वाढीचा आराखडा करा, असं मुळात बाईच म्हणाल्या होत्या. म्हणून तर त्यांचा संताप दुप्पट होता. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

बाई म्हणजे मुखवटे-नाटकाच्या शाळेच्या बाई. एका बंद पडलेल्या लाँड्रीच्या जागेत त्यांनी ही शाळा काढली होती. आसपासची मुलं संध्याकाळी यायची, कागदाचा लगदा कालवायची, खळ फासून आपापला मुखवटा घडवायची आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेल्या गोष्टींचं नाटक बसवायची. फी नव्हती, परीक्षा नव्हती. येणारी मुलं इतकी वाढली की निम्म्यांना नाही म्हणावं लागायचं, आणि ते बाईंच्या जिवावर यायचं. शेवटी त्या धाकट्या भावाला म्हणाल्या, "बाळ्या, अध्यक्ष आहेस ना? मग शाळा मोठी कर. काहीतरी रीतसर ठरव."

बाळ्यानं रीतसर ठरवलं. सल्लागार आणला.

समितीच्या बैठकीत त्या सल्लागारानं टेबलावर एक चकचकीत खोका ठेवला आणि आतून तीन मुखवटे काढले. प्लास्टिकचे. एक हसरा, एक रडका, एक राक्षसाचा. सोबत छापील नाटक, सगळ्यांना एकच.

"प्रत्येक नव्या शाखेला असा एक खोका," तो म्हणाला. "कुणीही शिकवू शकेल. मुलांनी मुखवटा चढवायचा आणि संवाद म्हणायचे."

"आणि लगदा?" बाईंनी विचारलं.

"तो वाळायला फार वेळ लागतो, बाई. शिवाय घाण होते."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी समितीकडे पाहिलं. सगळे मूग गिळून बसलेले. पहिल्या नाटकापासून मुलांचे कपडे शिवणारे शिंपीकाका तर आपली नखं अशी न्याहाळत होते की जणू आजच उगवली आहेत.

"काका, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"अध्यक्षांनी दाखवलं होतं," काका पुटपुटले. "म्हणाले, तुम्हाला तेच सांगतील."

"आधी सांगितलं असतं तर तू होऊच दिलं नसतंस," बाळ्या म्हणाला. "ताई, तुला शाळा वाढवायची आहे, पण हातातून सोडायची नाही. मूठभर पोरं तुझ्याकडे शिकतात. बाकीच्यांनी काय करायचं?"

"म्हणून त्यांच्या तोंडावर हे डबड्याचं झाकण लावायचं? अरे, हे बाळसं नव्हे, सूज आहे सूज!"

त्यांनी हसरा मुखवटा उचलला आणि भिरकावला. तो भिंतीवर आपटला, दोन उड्या मारून सल्लागाराच्या पायाशी येऊन पडला. साधा ओरखडाही नाही. हसतच होता. त्यानं बाई आणखी भडकल्या आणि तरातरा बाहेर गेल्या.

अंगणात एक स्त्री उभी होती. कोपऱ्यावरच्या बेकरीत कामाला असायची. बाहीला अजून पीठ होतं. "मुलीच्या प्रवेशाचं विचारायचं होतं," ती म्हणाली.

"जागा नाही! किती वेळा सांगायचं?" बाई तिच्यावरच खेकसल्या.

बेकरीवालीचाही बांध फुटला.

"दरवेळी हेच ऐकून जाते मी. गोड बोलून नाही म्हणायचात, आज तेवढंही उरलं नाही? माझ्या आईच्या गोष्टी माझ्या पोरीला तोंडपाठ आहेत. तिनं त्या कुठं सांगायच्या, पावांना? एवढी तुमची कला मोठी, तर ठेवा कुलपात आणि बसा राखत!"

बाईंना सर्वांत झोंबलं ते हे, की बाळ्यानं आत जे म्हटलं तेच ही बाहेर म्हणत होती. आणि हिच्या हातात खोका नव्हता.

"मुलीला घेऊन या," एवढंच म्हणून बाई पुन्हा आत गेल्या.

"माझा संध्याकाळचा वर्ग बंद," त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. "मी यापुढे शिकवणाऱ्यांना शिकवेन. माझ्या हाताखाली मोठ्या झालेल्या त्या जुळ्या बहिणींपासून सुरुवात. या जागेत त्या शिकवतील. मग दुसरी जागा, दुसरी माणसं. लगदा सगळीकडे, आणि गोष्टी त्या-त्या मुलांच्या घरच्या."

"तू वर्ग सोडशील?" बाळ्या थक्क झाला. "पण अशानं दहा शाखा व्हायला जन्म जाईल. मी देणगीदारांना शब्द देऊन बसलोय."

"कुणाला विचारून?"

"मी अध्यक्ष आहे!"

"मग अध्यक्षांनीच जावं आणि जीभ सैल सुटली म्हणून सांगावं."

शिंपीकाकांनी नखं सोडली. "मी बाईंच्या बाजूनं," ते म्हणाले आणि हात वर केला. मग एकेक हात वर होत गेला. बाळ्यानं खोका उचलला, सल्लागाराला घेतलं आणि बहिणीकडे न बघता निघून गेला. त्यानंतर किती तरी दिवस तो तिच्याशी बोलला नाही.

जुळ्या तयार झाल्या. नव्या वर्गात बेकरीवालीची मुलगी आली आणि आणखीही बरीच मुलं आली. पहिल्या संध्याकाळी बाई कोपऱ्यात स्टूल टाकून बसल्या. मुलांनी लगदा पार पाणचट केला. बाईंचा हात शिवशिवला. "अगं, पिळून घ्या तो!" त्या ओरडल्या.

थोरली जुळी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, रागावू नका. तुम्ही बघताय म्हटलं की आमचे हात चालत नाहीत. तुम्ही घरी जाता का?"

बाई रागावल्याच. चप्पल घातली आणि रस्ताभर धुसफुसत चालल्या. कालच्या पोरी! अर्ध्या वाटेत थांबून त्यांनी बाळ्याला फोन लावला. त्यानं उचलला.

"मला माझ्याच शाळेतून घरी पाठवलंय," त्या कडाडल्या. "दुसरी जागा बघितलीस की रुसूनच बसलायस?"

"बघतोय," बाळ्या म्हणाला. "ओरडू नकोस."

"ओरडणार!" बाई म्हणाल्या.