साडेपाच तासांचा फरक

रविवारी सकाळी काळेवाडीतल्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. सूर्यमहाराजांनी वर्तमानपत्र उंच धरलं.

"मी काय म्हणालो होतो? गुरुवारी भास्कर कोपणार! सकाळी सहा ते नऊ! आणि छापून काय आलं?"

"सौर वादळ!" गर्दी ओरडली.

"उपग्रह हादरतात, तिथे तुमचे मोबाइल कुठले वाचायला? सूर्याचं पित्त खवळलंय, भक्तहो. हा दोरा फोनला बांधा."

महाराज पूर्वाश्रमी याच भागात मोबाइल दुरुस्त करत. तेव्हा गिऱ्हाइकं तक्रारी घेऊन यायची. आता तक्रारी येत नाहीत.

सोजराबाईंच्या फोनला असे तीन दोरे होते. त्या भोसरीत भाड्याच्या खोलीत एकट्या राहत आणि कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटत. मुलगा रोहिदास बायकोला घेऊन गुजरातेत नोकरीला गेला होता. चार महिने त्याचा फोन नव्हता. महाराजांनी सांगितलं होतं, लहरी अडल्यात. सूर्य शांत झाला की मुलगाच फोन करेल. तू लावू नको, लहरी त्याच्यावर उलटतील. सोजराबाईंनी लावला नव्हता. फोन ताटासमोर उभा करून त्या जेवत.

शेजारच्या खोलीतली करिष्मा आज सोबत आली होती. ती वर्कशॉपमध्ये सुट्या भागांची मापं तपासायची. बाजूला बसलेल्या माणसाकडून तिने तेच वर्तमानपत्र मागून घेतलं. बातमीत वेळ होती साडेअकरा ते अडीच.

"मावशी, महाराज चुकले की."

"मागंपुढं व्हतंच गं. त्याच्या आदी तीन ते सहा म्हनले, तवा साडेआठ ते साडेअकरा झालं. त्याच्याबी आदी नऊ ते बारा म्हनले, झालं अडीच ते साडेपाच. समदं कॅलेंडरवर लिवलंय मी."

वाट पाहणारं माणूस नोंदी नीट ठेवतं.

करिष्माने बोटांवर फरक मोजला. "मावशी, मोजपट्टी दर वेळी तेवढीच चुकली, तर ती चूक नसते. तिचा शून्य सरकलेला असतो."

बातमीची शेवटची ओळ गर्दीत कुणी वाचली नव्हती: 'सरकारी केंद्राने आधीच वर्तवल्याप्रमाणे.' तिने मोबाइलवर केंद्राचं पत्रक उघडलं आणि ती उभी राहिली.

"महाराज, सूर्यनारायण तुमच्याशी लंडनच्या वेळेत बोलतो का?"

"देवाला घड्याळ नसतं, पोरी."

"सरकारी केंद्राला असतं. उपग्रह सूर्यावर नजर ठेवतात. वीजवाहिन्या, विमानं सांभाळणाऱ्यांनी तयारीत राहावं म्हणून शास्त्रज्ञ तीन-तीन तासांचे अंदाज जाहीर करतात. तेही जागतिक प्रमाणवेळेत. गुरुवार, सहा ते नऊ. हे बघा! साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. तुम्ही हेच पत्रक उतरवलंत, पण तास मिळवायचे विसरलात."

"आमची वेळ वैकुंठाची!"

"वैकुंठ बी लंडनातच का, राव?" मागून कुणीतरी विचारलं.

निम्मं कार्यालय हसत बाहेर पडलं. उरलेलं निम्मं दोऱ्यांच्या रांगेत उभं राहिलं.

सोजराबाई हसल्या नाहीत. खोलीवर पोचल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजी वादळं खोटी?"

"वादळं खरी. पण ती काही तासांची, फार तर दोन-चार दिवसांची. त्यांच्यामुळे मोबाइल चार महिने अडत नाही."

"मंग रोहिदासचा फोन?"

याचं उत्तर कुठल्याच पत्रकात नव्हतं.

"लावून बघा, मावशी."

सोजराबाईंनी विळीवर तिन्ही दोरे कापले. नंबर लावला. रिंग गेली. एक, दोन, तीन, चार. मग थांबली.

"कट केला," त्या म्हणाल्या. फोन कानालाच होता. "म्हंजी लागतुया. लागत व्हता."

सूर्यावर ढकलावं असं आता काही उरलं नव्हतं.

त्या दोऱ्यांनी म्हातारीला आधार दिला, असं कुणी म्हणेल. त्यांनी तिचा हात चार महिने बांधून ठेवला, एवढंच खरं. कुणी भविष्य सांगितलं, तर त्याला विचारावं, कुठे वाचलंस? आणि आपल्या माणसाला विचारायचं ते त्यालाच विचारावं, मग उत्तर कसंही येवो.

सोजराबाईंनी पुन्हा नंबर लावला.