तिरकी उंची

एकतीस वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

पत्र चौकडीच्या वहीतल्या पानावर होतं. अक्षर माझ्या ओळखीचं. आठवीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसणाऱ्या मुलीचं. मजकूर मात्र तिच्या वडिलांचा होता. ‘सरांना नमस्कार. शंकूच्या कामात माझं काय चुकलं ते समजलं नाही. कृपा करून कळवावं. पुन्हा करून देईन.’ खाली त्यांची सही, एकेक अक्षर पत्र्यातून कापून काढावं तशी.

त्यांचं दुकान माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे होतं. पत्र मुलीच्या हाती देता आलं असतं. त्यांनी तिकीट लावून टपालाने पाठवलं. वर्गात सरांच्या हातात असलं काही ठेवायची वेळ मुलीवर येऊ नये, एवढंच त्यामागे असणार. हेही मला बऱ्याच उशिरा सुचलं.

ते पत्र्याची कामं करायचे. शाळेच्या बादल्या, टाक्यांची झाकणं, खडूंचे डबे सगळं त्यांच्याकडून यायचं. त्या वर्षी शाळेची तपासणी होती आणि मला घनफळाचा पाठ दाखवायचा होता. नुसतं सूत्र फळ्यावर लिहून मुलांना शंकू समजत नाही. एकाच तोंडाचा, एकाच उंचीचा शंकू आणि नळकांडं घ्यायचं, शंकूने तीनदा वाळू ओतायची, नळकांडं काठोकाठ भरतं. एक तृतीयांश कुठून आला ते डोळ्यांना दिसतं. ही माझी हौस होती. दुकानात गेलो तेव्हाही हातात पुस्तक होतं आणि वाचलेल्या पानात बोट.

“तोंड मधोमध दहा सेंटिमीटर,” मी म्हणालो. “उंची बारा. दोन्हींची.”

“शंकूची बारा तिरकी धरू की उभी?” त्यांनी विचारलं.

“बारा म्हणजे बारा हो. त्यात तिरकं काय नि उभं काय.”

“नाही, तसं नाही सर. कापताना फरक पडतो.”

“तुम्ही करा हो. बारा करा.”

मला घरी जाऊन पुस्तकातलं ते प्रकरण वाचून संपवायचं होतं. पत्रा कापणाऱ्याच्या पट्टीला शंकूची तिरकी बाजूच लागते, उभी उंची हवेत असते. त्यांनी बारा कापले.

दोन्ही वस्तू तपासणीच्या सकाळी मुलीने आणून दिल्या. करून बघायला वेळ नव्हता. खरं सांगायचं तर वेळ होता, गरज वाटली नाही.

मागे तपासणीस साहेब बसले होते, दाराशी हेडमास्तर. मी एक शंकू ओतला, दुसरा ओतला, तिसरा ओतून वाळू पट्टीने सपाट केली. नळकांडं बोटभर रिकामं राहिलं.

“सर, अजून बसतेय की,” शेवटच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

“गुरुजी,” साहेब म्हणाले, “तुमच्या शाळेत एक तृतीयांश वेगळा मिळतो वाटतं?”

वर्ग हसला. माझे कान तापले. आयुष्यात मी कधी झटपट उत्तर देऊ शकलो नाही. लग्नाच्या वेळी होकार द्यायलाही मला आठवडा लागला होता. त्या दिवशी मात्र उत्तर तयार होतं.

“करणाऱ्याने बिघडवलंय साहेब. या लोकांना माप कळत नाही.”

मग नजर दुसऱ्या बाकावर गेली. ती माझ्याकडेच बघत होती. रागाने नाही. फळ्यावरचं गणित अडलं की मी सोडवून दाखवेन म्हणून बघायची, तशी.

“पुढच्या खेपेला त्याला काम नको,” हेडमास्तर दारातूनच म्हणाले.

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मी पट्टी लावली. तिरकी बाजू बरोबर बारा, केसाइतकाही फरक नाही. उभी उंची अकराला थोडी कमी. तोंडाचं अर्धं पाच. पाच, बारा, तेरा. उभी बारा हवी तर तिरकी तेरा कापायला सांगायची. हाच त्रिकोण त्याच फळ्यावर मी दर वर्षी काढत होतो.

उद्या सांगू, असं मी ठरवलं. आठ दिवसांनी पत्र आलं. मग पत्राचं उत्तर उद्या लिहू, असं ठरवलं. दुसरीकडून तेराच्या मापाचा शंकू करून घेतला. आता सगळ्या मुलांनी “भरलं, भरलं” म्हटलं. ती काही बोलली नाही. वर्षअखेरीस भूमितीत मी तिला हक्काच्या गुणांवर दोन गुण जास्त दिले. मनाला सांगितलं, प्रायश्चित्त. ती लाच होती.

पुढे काही वर्षांनी त्यांचं दुकान बंद दिसलं आणि मला सुटल्यासारखं झालं. ते सुटल्यासारखं वाटणं मला अजून आठवतं.

हे सगळं पुन्हा वर आलं ते गेल्या आठवड्यात, नातीमुळे. तिची घनफळाची चाचणी होती. आम्ही जेवणाच्या टेबलावर त्याच जुन्या मापाचे, जाड कागदाचे शंकू करत होतो. तिने कंपासमध्ये बारा सेंटिमीटर घेतले, पाकळी कापली, गुंडाळून चिकटवली आणि नळकांड्याशेजारी उभी केली.

“आजोबा, हा बुटका झाला.”



तिने शंकू डोळ्यांसमोर धरून फिरवला. “हां. मी तिरकी बारा घेतली. माझंच चुकलं. थांबा, दुसरा करते.”

सगळं मिळून अर्धं मिनिट. तेवढ्यात ती चुकली, चूक दिसली, तिने कबूल केली आणि कात्री उचललीसुद्धा. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

“तुम्हाला काय झालं?” तिने विचारलं.

“काही नाही. तेरा घे.”

“कळलंय मला,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्या जुन्या गल्लीत गेलो. दुकानाच्या जागी आता कपडे शिवून मिळतात. शेजारचा खिळे-कुलपांचा दुकानदार जुनाच आहे, फक्त पांढरा झालाय. त्याला पत्र्याच्या दुकानवाल्याबद्दल विचारलं.

“तो सहीवाला? आहे ना, चांगला आहे,” तो म्हणाला. “लेकीकडे असतो. दिसत नाही आता त्याला फारसं.”

“सहीवाला?”

“आम्हीच पाडलेलं नाव. साधं नरसाळं करायचं असलं तरी आधी कागदावर चित्र काढायचा, मापं लिहायचा आणि गिऱ्हाइकाची सही घ्यायचा. तिरकं की उभं, दोनदा विचारायचा. लोक वैतागायचे. मी म्हणायचो, अरे बाबा, बादली करतोयस की जमिनीचं खरेदीखत?” तो हसला. “तर म्हणायचा, हसा. एकदा माझं माप चुकलं, कुठे चुकलं ते आजतागायत कळलं नाही.”

मी एक कुलूप विकत घेतलं. मला कुलूप नको होतं. पैसे देताना लेकीचा पत्ता मागितला. तो बसने सहा तासांवरच्या गावाचा निघाला.

“जाणार भेटायला?” त्याने पत्ता लिहिता लिहिता विचारलं. “बरं वाटेल त्याला. शाळेतल्या माणसांना फार मानतो.”

उत्तर लिहायला चार दिवस लागले. पहिला मसुदा सहा पानांचा झाला. त्यात तपासणीचं दडपण होतं, माझा बुजरा स्वभाव होता, माणसाच्या दुबळेपणावर एक परिच्छेद होता आणि तो मला आवडलाही होता. फाडला. दुसऱ्यात क्षमा हा शब्द सात वेळा आला. म्हणजे पुन्हा मीच काहीतरी मागत होतो. तोही फाडला. त्यांनी एकच गोष्ट विचारली होती, तेवढीच सांगायची. आणि त्यांना दिसत नाही, म्हणजे पत्र दुसऱ्या बाकावरची ती मुलगीच वाचून दाखवणार. प्रत्येक वाक्य तिच्या आवाजात ऐकून बघितलं. बरीच टिकली नाहीत.

उरलं ते असं:

‘नमस्कार. शंकूच्या कामात तुमचं काहीही चुकलं नाही. तुम्ही तिरकं की उभं असं विचारलंत, मी नीट ऐकलं नाही. तिरकी बाजू तेरा सांगायला हवी होती, मी नुसतं ‘बारा करा’ म्हणालो. तुम्ही बारा अगदी अचूक कापले होते. चूक माझी आहे हे मला त्याच संध्याकाळी कळलं. वर्गात तुमच्या मुलीसमोर मी तुम्हाला दोष दिला होता, तो तरीही परत घेतला नाही आणि तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही.’

खाली त्रिकोण काढून तीन बाजूंवर पाच, बारा, तेरा लिहिलं.

आज सकाळी नातीला शाळेत सोडताना पाकीट बरोबर घेतलं. टपालपेटी वाटेतच आहे.

“कोणाला लिहिलंय?” तिने विचारलं.

“एका कारागिराला.”

“काही करून हवंय?”

“नाही. केलेल्या कामाबद्दल आहे.”

तिचं लक्ष तोवर मैत्रिणींकडे गेलं होतं. ती पुढे पळाली. पेटी गच्च भरलेली असावी, पाकीट अर्धंच आत गेलं. बाहेर राहिलेला भाग पत्त्याच्या बाजूचा होता, कारागिराच्या मुलीचं नाव दिसत होतं. मागे कोणीतरी हातात पाकीट घेऊन थांबलं होतं. मी बाजूला झालो नाही. फटीत बोटं घालून पाकीट लोटत राहिलो, ते पूर्ण आत जाईपर्यंत.