पडलेला टप्पा

ऑफिसात त्याला पाठीमागे 'तोफखाना' म्हणत, आणि हे त्याला ठाऊक होतं. त्याचाही त्याला रागच होता, पण त्या दिवशीचा राग निराळा होता. त्यांच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती क्लाउडवर चढायची तर तिला ओळीने बरेच टप्पे पार करावे लागत, आधी बांधणी, मग चाचण्या, मग आणखी चाचण्या. आणि त्यातला एखादा टप्पा अधूनमधून, कधी नेटवर्कला नुसती उचकी लागली म्हणूनसुद्धा, पडायचा, म्हणजे फेल व्हायचा. झाला की त्याच्या हाताखालची शिकलीसवरलेली माणसं काय करत? कुठे चुकलं ते वाचायचीसुद्धा नाहीत. बटण दाबून तोच टप्पा पुन्हा चालवत आणि खुशाल चहाला जात. बटणं दाबायला एवढी माणसं पोसायची का, असं म्हणत त्याने दुपारी दात-ओठ खात एक प्रोग्राम लिहून टाकला. आता टप्पा पडला की आपला आपणच पुन्हा चालणार होता, पास होईपर्यंत.

"आधी पास झालेल्यांना हात लावायचा नाही," त्याने चाचण्या बघणाऱ्या बाईंना बजावलं. "ते आपापल्या जागी थांबतील. पडलेला तेवढाच पुन्हा चालवायचा, तोही नव्या कोऱ्या मशीनवर. जुनं मशीन पुसून टाकायचं."

"त्या नव्या मशीनला कळतं का सर, की आपण आधी पडलोय?"

"कळून काय दिवे लावणार आहे? त्याच्या लेखी ती पहिलीच वेळ."

बाई मान डोलावून कामाला लागल्या, आणि त्या मान डोलावण्याचाही त्याला राग आला.

खरं तर त्या रागाचं मूळ घरी होतं. सकाळी मुलगी दारात येऊन उभी राहिली ती केस पार कानापर्यंत कापून, आणि चहा व्हायच्या आत तिने सांगूनही टाकलं की त्याने शब्द टाकून मिळवून दिलेली नोकरी तिने महिन्यापूर्वीच सोडली आहे, आणि आता ती दूरच्या शहरात, व्हायोलिन बनवणाऱ्या एका कारागिराकडे शिकायला जाते आहे. तो भडकायच्या आत ती म्हणाली होती, "संध्याकाळी एकदा नीट बोलू, बाबा. तुम्ही मनापासून 'जा' म्हणा, बास. तेवढंही जमणार नसेल, तर मी या घरात पुन्हा पाऊल टाकायची नाही." ती बोलली तसं करणारी होती, हे तो जाणून होता, कारण मुलगी त्याचीच होती. तिच्याशिवाय राहणं त्याला जमणार नव्हतं, आणि 'जा' म्हणणं तर त्याहून नाही.

आवाज चढवायचा नाही, असं वाटभर स्वतःला बजावत तो घरी आला. बायको आणि मुलगी टेबलाशी बसूनच होत्या. जेवण वाढलेलं होतं आणि मुलीची बॅग दाराशी तयार होती. ती बॅग दिसली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"महिनाभर," तो म्हणाला, "महिनाभर मला मूर्ख बनवलंस."

त्याने मूठ उगारली. ती टेबलावर आपटायच्या आत बायकोने पाण्याचा जग अलगद उचलून हातात धरला होता. मूठ आपटली, ताटं खणखणली, आणि तिने जग पुन्हा जागच्या जागी ठेवला. दचकलं कुणीच नाही.

त्याला ते खटकलं, पण राग आवरण्याइतकं नाही. "मी चार माणसांपुढे तोंड वेंगाडायचं, आणि तू जाऊन लाकडं तासत बसायचंस?" बोलता बोलता त्याचं लक्ष मुलीच्या ओठांकडे गेलं. ते हलत होते. आवाज नव्हता, पण शब्द त्याचेच होते, आणि त्याच्या किंचित पुढे होते.

"नक्कल करतेस माझी?"

"नाही, बाबा. बोला तुम्ही."

"बोलणारच. सगळे गुण..."

"आता मामा," बायको लेकीला हळूच म्हणाली.

त्याच्या जिभेवर 'मामाचे' हाच शब्द होता. तो तोंडातच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याचं बोलणं पाठ झालं, तर त्यात नवल काय, अशी त्याने मनाची समजूत घातली. आपलंही रोज ये रे माझ्या मागल्याच असतं. पण समजूत टिकेना, आणि राग मात्र दुप्पट झाला.

"दोघी ठरवून बसलाय? परीक्षा घेताय माझी?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. लांबलेल्या आजारपणात उशाशी बसणाऱ्यांच्या चेहऱ्यावर असतो तसला थकवा त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"मामाचं बोलले नाहीत," मुलगी आईला म्हणाली. "इतक्या वेळा झालं, पण इथून पुढे आपण कधी आलोच नव्हतो."

डोळे पुसायला तिने मान वळवली आणि तिचे केस खांद्यावरून पुढे आले. रबराने बांधलेले, छातीपर्यंत पोचलेले. तो त्या केसांकडे बघत राहिला, मग दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे. बॅगेच्या मुठीवर धुळीचा जाड थर होता.

हे काय आहे, असं घर डोक्यावर घेऊन ओरडावं असं त्याला वाटलं. राग गळ्यापर्यंत आला होता; तो कुठे जाणार? पण आज पहिल्यांदाच त्या रागाखाली भीती होती, आणि ती जास्त थोरली निघाली.

"जा," तो म्हणाला. आवाज फाटला, तरी तो बोलत राहिला. "मनापासून सांगतो. शीक तुला हवं ते. तू केलेलं पहिलं व्हायोलिन बघायला मी येईन, येऊ दिलंस तर."

मुलगी उठली, मागून येऊन तिने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि ती हमसून हमसून रडली. त्याचेही डोळे भरून आले. मग रडं ओसरलं, आणि हात न काढता, त्याच्या डोक्यावरूनच, तिने समोर विचारलं,

"आई, मग यांना तरी ठेवू या?"

बायको त्याला निरखून पाहू लागली, आणि तो, जन्मात कधी नव्हे तो, श्वास रोखून, शहाण्यासारखा ताठ बसून राहिला.