उरलेला घोट

आमचे अण्णाराव मास्तर म्हंजे लई लढवय्या माणूस. सोलापुरातल्या एका हाटेलात आमच्या लोकांसाठी भाईर खुंटीला येगळा कप टांगलेला असायचा. मास्तरांनी तो भर दुपारी दगडावर आपटून फोडला, मार खाल्ला, आणि त्याचा तुटका कान अजून खिशात घालून फिरतात. कुणी विचारायचा अवकाश, की काढलाच भाईर!

सेटलमेंटात, म्हंजे सरकारनं जन्मानंच चोर ठरवलेल्या लोकांच्या तारेच्या कुंपणात, मी सोजरबाई शुभवर्तमान सांगायला जायची. एकदा मास्तरांना बी नेलं. तिथं ते गरजले, "येगळा कप दिला की फोडा! सगळ्यांच्या कपातला पयला घोट घेताना हात कापतो, माझा बी कापला. पण गिळला की भ्या जातं."

मागं बसलेल्या गंगम्मानं त्याची पदराला गाठ मारली. पुढं तिनं बाप्तिस्मा घेतला, आणि घरच्यांनी तिला टाकलं. आता आमी घेतलं न्हाय, तर ती ना घरची ना दारची.

तिच्या पयल्या प्रभुभोजनाचा रविवार आला. आमच्या ख्रिस्ती देवळात द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्यांच्या व्हटाला लागत फिरतो, आणि उरलेला घोट शेवटी फिरवणाऱ्यानं प्यायचा असतो. फिरवणारे मास्तर! गंगम्मा शेवटच्या रांगेत, शेवटच्या जागी. म्हंजे तिचं उष्टं कुणाला? मास्तरांनी आदल्या दिशीच तोड काढली.

"सोजरबाई, तिला काचेचा गिलास देऊ. आरोग्याचं बघाय नको का?"

"व्हय की," मी म्हनलं. "हाटेलवाला बी आरोग्याचंच बघत हुता."

मास्तरांना ते ऐकूच आलं न्हाय.

रविवारी प्याला तिच्यापाशी आला. मास्तरांनी तो मागं घेतला आणि गिलास पुढं केला. गंगम्मानं गिलास बघितला, मास्तरांकडं बघून हसली, आणि दिला की फरशीवर आपटून! मी मनात म्हनलं, आता हिला हाकलतात.

"काय केलंस हे?" मास्तर ओरडले.

"तुमीच सांगितलं हुतं की," ती म्हनली. तिला वाटलं, मास्तरांनी परीक्षाच घेतली.

पाळकांनी नुसतं प्याल्याकडं बोट केलं. मास्तरांनी तो मुकाट दिला. गंगम्मा प्याली, पदरानं कड पुसली आणि प्याला परत केला. तळाला एक घोट उरला हुता. सगळं देऊळ माना वळवून बसलेलं. मास्तरांचा हात असा कापाय लागला, की सांडतंय का काय! मला मेलीला हसू बी येत हुतं आणि रडू बी.

गंगम्मानं प्याल्याला खालनं हात लावला.

"भिऊ नगा, मास्तर," ती हळूच म्हनली. "पयल्यांदा कापतोच. गिळला की भ्या जातं."

मास्तरांनी डोळे मिटले आणि गिळला.